वीतभर बांधाचं टिपण

तात्या, परवा शेजारची सूनबाई आली होती. कमिशनच्या परीक्षेला बसते आहे. कडेवर लेकरू, काखेत जाडजूड पुस्तक, आणि मला म्हणते, "आजोबा, तुम्ही त्या काळात घरी बसून पास झालात म्हणं. नोट्स कशा काढायच्या तेवढं सांगा. माझं वाचलेलं चार दिवसांत पुसून जातंय." मी तिला बसवलं, आतून चहा मागवला आणि सांगायला लागलो. आधी वाच. मग पुस्तक मीट. मग भिंतीला सांग. मग जे उरलं तेवढंच लिही. इथपर्यंत गाडी नीट चालली आणि पुढची पायरी तोंडाशी येऊन अडली. ती बिचारी पेन उघडून वाट बघत बसली. मी म्हणालो, बाकीचं उद्या सांगतो बाई. ती गेल्यावर मी ओट्यावर तसाच बसून राहिलो. ती अडलेली पायरी तुमची होती. तिच्यापायी तुमचा उजवा हात गेला. म्हणून तिला सांगायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणतो.

तुमच्या त्या हाताची माझी खरी ओळख थपडेनंच झाली, तेव्हा तिथूनच सुरू करतो. तुम्ही गावच्या शाळेत मास्तर, माझ्या बापाचे, आबांचे, धाकटे भाऊ, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. निजामाच्या राज्यात तुमचं सगळं शिक्षण उर्दूत झालं, आणि ते राज्य गेल्यावर तुम्हाला एकदम मराठीतून शिकवायला उभं केलं. "पोरांच्या एक धडा म्होरं पळत होतो, मागं वळून बघायची सोय नव्हती," असं तुम्हीच हसत सांगायचात. टिपण काढायची विद्या तुम्हाला कुणी दिली नव्हती. गळ्याशी आल्यावर तुम्ही ती स्वतःची स्वतः शोधली होती. मी दिवसा औत आणि उरल्या वेळात पुस्तक असं करत बाहेरून बी.ए. झालो. नायब तहसीलदारीच्या परीक्षेला बसायचं ठरलं तेव्हा वयाची मर्यादा संपायला तेवढं एकच वर्ष उरलं होतं. ती परीक्षा हुकली की पुन्हा औताच्या मागं, कायमचं. मी उन्हाळाभर खपून जमीन महसुलाच्या कायद्याचं टिपण काढलं. लाल शाईचे मथळे, निळ्या शाईचा मजकूर, पट्टी लावून मारलेल्या रेघा. वही तुमच्या टेबलावर ठेवली तेव्हा माझी छाती फुगली होती. तुम्ही दोन पानं वाचलीत. तिसरं उलटलंच नाही. दोन्ही पुठ्ठे धरून वही मधोमध टरकावली, आणि मी तुकडे उचलायला वाकलो तशी मानेवर अशी थप्पड बसली की कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं.

"हे टिपण न्हाय," तुम्ही म्हणालात. "हे तू पुस्तकच परत लिहिलंस. छापखान्यात नोकरी लागली काय तुला?"

"तात्या, सगळं महत्त्वाचंच हाय त्यात."

"घरात पण सगळंच महत्त्वाचं आसतंय. आग लागल्यावर काय उचलून पळशील ते सांग. तेवढंच टिपण."

मग तुमच्याच धोतराचा सोगा माझ्या भुवईवर दाबून धरलात, आणि दुसऱ्या हातानं खिशातून कोरं पोस्टकार्ड काढून पुढं टाकलंत. एका धड्याला एक कार्ड. त्याच्या बाहेर अक्षर गेलं तर फाडणार. फाडायचातही. फाडलेल्या कार्डांचा शाळेमागं ढीग झाला होता आणि गावातल्या शेळ्या तो खायच्या. "तुझ्यापरीस शेळीला कायदा जास्त कळायला लागलाय," असं तुम्ही पोरांसमोर म्हणायचात आणि पोरं फिदीफिदी हसायची. मी धडा वाचायचो, पुस्तक मिटायचो, शाळेच्या मागच्या भिंतीला तोंड करून मोठ्यानं सांगायचो. खिडकीआड तुम्ही बसलेले असायचात. मी अडखळलो की आतून आवाज यायचा, "भिंतीला कळलं न्हाय. पुन्यांदा सांग." हळूहळू मला उमगलं की जे मला माझ्या शब्दांत सांगता येत नाही ते मला आलेलंच नाही, नुसतं डोळ्याखालून गेलंय.

तरी एक ठिकाण पक्कं होत नव्हतं. हद्दीच्या खुणा, अतिक्रमण, चौकशी, दंड, हे सगळं मी शंभरदा भिंतीला सांगितलं असेल आणि सकाळी ते पाटीसारखं कोरं झालेलं असायचं. तुम्ही माझं कार्ड हातात घेतलंत.

"'अ'नं 'ब'च्या जमिनीत अतिक्रमण केलं," तुम्ही वाचलंत. "हा अ कोन तुझा? सोयरा हाय?"

"न्हाय."

"त्यानं तुझं कधी काय चोरलं?"

"न्हाय तात्या."

"मग ध्यानात कशापायी ऱ्हाईल? कायद्याला मानूस लागतो. प्रत्येक कलमाला आपल्या गावातला एक मानूस लटकाव. चेहरा घाल, पागोटं घाल, चोर कर त्याला. मग इसर म्हणलं तरी इसरणार न्हाईस."

"कुणाला चोर करू?"

"मला कर." तुम्ही तंबाखू मळत होतात. मळणं थांबलंसुद्धा नाही. "लिही. तात्यानं आबाचा वीतभर बांध कोरला. हद्दीचा दगड सरकवला."

मी लिहिलं आणि काय सांगू, ते एका दमात पाठ झालं. मग मला चटकच लागली. पाटलाला मी थकबाकीदार केलं, त्यांची म्हैस जप्त केली. देवळाच्या पुजाऱ्याकडून सरकारी गायरानात खोपट बांधवलं. सगळं गाव माझ्या कार्डांवर गुन्हेगार होऊन बसलं. बाजाराच्या दिवशी पाटील समोरून आले की मला हसू दाबता येत नव्हतं. कलमं मात्र अशी मुखोद्गत झाली होती की झोपेतून उठवलं तरी सांगितली असती.

आबांचं तुमच्यासारखं नव्हतं. तुम्ही मारायचात आणि बोलायचात. आबा नुसते मारायचे. एकदा मी मोटेवर होतो, हातात कार्ड. बैल केव्हा थांबले, केव्हा शेजारच्या ज्वारीत शिरले, मला पत्ता नाही. आबांनी विहिरीच्या थारोळ्यात कासरा भिजवून घेतला, मोटेच्या धावेवर मला पालथं घातलं आणि मारायला लागले. ओल्या कासऱ्याचा आवाज वेगळा असतो. पहिले काही फटके कळतात, मग पाठ आपली राहत नाही. माय धावत आली तर तिलाही एक बसला. तुम्ही वरच्या रानातून पळत आलात आणि माझ्या अंगावर आडवे झालात. पुढचे फटके तुमच्या सदऱ्यावर पडले, सदरा फाटला, मी तुमच्या छातीखाली श्वास कोंडून ते मोजत पडलो होतो आणि मोजणं चुकत होतं.

"दादा, बास कर. मला मार आन् मोकळा हो."

"तूच बिघडवलंस त्याला. कागद खाऊन पोट भरतंय व्हय?"

"भरंल. एक साल थांब."

आबांनी कासरा फेकून दिला. "एकच साल," म्हणाले. त्यांच्या तोंडून मिळालेलं ते एक वर्ष मी तुमच्या पाठीवर कमावलं होतं, हे मला कधी विसरता आलं नाही.

आबांना अक्षर ओळखू येत नव्हतं, पण कागदाचा त्यांना वाघासारखा धाक. त्यांच्या उभ्या जन्मात कागद घरी आला तो पाटलाचा, मोजणीचा, नाहीतर कोर्टाचा, आणि तो जे म्हणाला तेच झालं. कागद कुणाची चेष्टा करतो, कागद काहीतरी समजून चालतो, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात बसणारी नव्हती. मी पहाटे गोठ्यात पाठांतर करायचो. तिथं बैलांच्या अंगाची ऊब असते. आबा वैरण टाकत असायचे आणि मी खांबाला टेकून खणखणीत आवाजात म्हणायचो, तात्यानं आबाचा वीतभर बांध कोरला, हद्दीचा दगड सरकवला, कलेक्टर चौकशी करतील, दंड होईल. रोज. आबांनी एकदाही विचारलं नाही. ऐकणारा माणूस काहीतरी विचारतोच, अशी माझी समजूत, म्हणून मला वाटायचं त्यांचं लक्ष नाही. त्यांचं सगळं लक्ष होतं. रोज पहाटे त्यांच्या पोटचा पोर सरकारी कागद वाचून सांगत होता की सख्ख्या भावानं त्यांचं रान खाल्लं, आणि ते गव्हाणीत कडबा टाकत ऐकत होते.

वैशाखातली सकाळ होती. शाळेला सुट्टी, म्हणून तुम्ही स्वतः नांगर धरला होता आणि बांधाशी येऊन वळण घेत होतात. मी तुमच्यासाठी पाण्याची घागर घेऊन आलो होतो. आबा पलीकडून आले, खांद्यावर कुऱ्हाड. मला वाटलं बाभळीची फांदी तोडायला आले असतील.

"दगड कुठं हाय?" आबा म्हणाले.

"कंचा दगड?"

"हद्दीचा. कुठं हुता आन् कुठं हाय?"

तुम्ही हसलात. "दादा, सकाळच्या पारी काय काढलंस हे?"

"मी न्हाय काढलं. सरकारी कागदावर आलंया. रोज ऐकतूया. वीतभर कोरलास."

तुमच्या लक्षात आलं, तात्या. मी घागर घेऊन समोरच होतो, तुमच्या चेहऱ्यावरचं हसू कसं उतरलं ते मी पाहिलं. तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलंत. मग समजावून सांगायला उजवा हात वर केलात, वर्गात पोरांना गप्प करायला करायचात तसा, पंजा पुढं. "दादा, ऐक, ते..." एवढंच झालं. कुऱ्हाड आली. ओल्या लाकडात रुततं तसा आवाज झाला, फार मोठा नाही. तुमचा पंजा खाली लोंबला आणि रक्त आधी आलंच नाही, क्षणभर सगळं पांढरं दिसलं, मग एकदम आलं. बैल बिचकून नांगरासकट पळाले. आबांनी कुऱ्हाड पुन्हा उचलली, या वेळी मानेच्या रोखानं, आणि तुम्ही नुसते उभे, आपल्याच हाताकडं बघत. मी घागर टाकली आणि आबांचं मनगट दातांत धरलं. सोडलं नाही. ते मोकळ्या मुठीनं माझ्या कानशिलावर घाव घालत होते, कानात काहीतरी फुटलं, तो कान आजही बंद आहे. दात हाडाला लागले तेव्हा कुऱ्हाड पडली. बापाच्या रक्ताची चव कशी असते हे माणसाला कळू नये.

माझं धोतर फाडून दंडाला आवळलं, गाडी जुंपली आणि तुम्हाला तेरच्या ठेसनावर नेलं. बार्शीला जाणारी ती लहान गाडी, जिच्यातून पोरं उतरून सीताफळं तोडून पुन्हा चढायची, ती त्या दिवशी मला मुंगीपेक्षा हळू वाटली. डब्याच्या फळ्यांच्या फटीतून तुमचं रक्त खाली रुळांवर गळत होतं. समोरची एक बाई आपल्या लेकराचे डोळे पदरानं झाकून बसली होती. बार्शीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मनगटाच्या वर, कोपराच्या खाली, उरलंसुरलं कापून टाकलं.

मी कपडे न्यायला गावी आलो तर काकू आमच्या अंगणात उभ्या होत्या. पाणी तापवायची चूल पेटलेली आणि माझी सगळी कार्डं त्यांच्या ओच्यात. त्यांना वाचता येत नव्हतं, पण गावात तोवर सगळ्यांना कळलं होतं. मी पुढं झालो तशी त्यांनी हातातली फुंकणी माझ्या तोंडावर मारली. पुढचा दात ओठातून बाहेर आला.

"ह्या कागदानं माझ्या मानसाचा हात खाल्ला," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "आता हेला मी खाऊ घालती."

मूठमूठ कार्डं त्यांनी चुलीत सारली. वर्षाची मेहनत, पातेलंभर पाणीसुद्धा कोमट झालं नाही. तेवढ्यात काकूंचे भाऊ आले आणि त्यांनी आबांना गोठ्यातून ओढून काढलं, भिंतीशी उभं करून काठ्यांनी फोडलं. आबांनी हात वर केला नाही. ज्या माणसानं उभ्या गावात कुणाची अरे ऐकून घेतली नव्हती तो खाली बसेपर्यंत मार खात राहिला. ते गेल्यावर मी त्यांच्या शेजारी बसलो. माझ्या तोंडात रक्त, त्यांच्या तोंडात रक्त. मी त्यांना सांगितलं की ते उदाहरण होतं. खरं नव्हतं. पाठ व्हावं म्हणून तसं लिहितात.

आबांनी तोंडातलं रक्त थुंकलं. "कागदावर खोटं लिहितेत व्हय?" म्हणाले.

मग उठले, जळण फोडायच्या ओंडक्यापाशी गेले, त्यावर आपला उजवा हात पालथा ठेवला आणि मायला म्हणाले, "कुऱ्हाड आन." माय आत गेली, कुऱ्हाड घेऊन आली, त्यांच्या समोरून नेली आणि विहिरीत टाकली. येऊन म्हणाली, "एक हात गेलाय तेवढा रग्गड. तुमाला घास भरवाय मला लावू नगा." आबा ओंडक्यावर हात ठेवून दुपार टळेपर्यंत तसेच बसले होते.

आपल्या हद्दीचा पोलीस जमादार बार्शीला आला तेव्हा मी तुमच्या खाटेशी होतो. गावात त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुमच्या जबाबावरच सगळं होतं. आबा आत गेले असते तर नांगर माझ्या हाती आला असता, परीक्षा संपली असती, आणि आमच्या घराचं जे काही व्हायचं ते झालं असतं. मला मनातून असंही वाटत होतं की तुम्ही खरं तेच सांगावं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

"मास्तर, कुणी मारलं?"

"कुणी न्हाय. कडबा तोडत होतो. कुऱ्हाड निसटली."

जमादारानं लेखणी खाली ठेवली. म्हातारा, पिकलेल्या मिशांचा माणूस होता. "उजव्या हातानं उजवाच हात तोडला व्हय?"

"डाव्यानं तोडत होतो."

"तुमी डावरे कवापासून?"

"आजपासून," तुम्ही म्हणालात.

जमादारानं तुमच्याकडं बघितलं, माझ्या फुटलेल्या तोंडाकडं बघितलं, आणि लिहून घेतलं. डाव्या अंगठ्याचा ठसा देताना तुम्ही म्हणालात, "सही येती मला, पर हेला अजून शिकवायचंय." तो गेल्यावर मी तुमच्या पायाशी बसून रडायला लागलो. तुम्ही लाथ मारलीत. नीट छातीत मारलीत, अशक्तपणात जेवढी बसेल तेवढी.

"आबासाठी केलं असं समजू नकोस," तुम्ही म्हणालात. "त्याचं तोंड मी बघणार न्हाय. तुझा बाप आत गेला तर तू औताला जाशील. माझा हात गेलाय, फुकट घालवू नकोस. टिपणं आन."

"काकूंनी जाळली."

"सगळी?"

"सगळी."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं ग्लानी आली. मग म्हणालात, "बरं झालं. म्हण."

आणि मी म्हणायला लागलो. दवाखान्याच्या त्या खोलीत, आयोडोफॉर्मच्या वासात, पलीकडच्या खाटेवर भाजलेला माणूस कण्हत असताना, मी एकेक धडा तुम्हाला तोंडानं सांगितला. जे आठवत होतं ते नव्या कार्डावर लिहिलं, जे आठवलं नाही ते पुस्तक उघडून पुन्हा वाचलं. निम्म्याच्या वर तर पुस्तक उघडावंच लागलं नाही. जळलेल्यापेक्षा ही टिपणं लहान झाली आणि पक्की झाली. ठणका लागला की तुम्ही दात खाऊन म्हणायचात, "थांबू नकोस, म्हण," आणि मी तुमच्या कण्हण्यावर आवाज चढवून म्हणायचो. हद्दीच्या खुणांपाशी आलो आणि मी म्हणालो, अ नं ब च्या बांधाचा... तेव्हा उशाशेजारचा पितळी तांब्या डाव्या हातानं भिरकावलात. नेम चुकला, भिंतीवर आपटून तांब्याला पोचा आला.

"नाव बदलू नको," तुम्ही म्हणालात. "तेच ऱ्हाऊ दे. येवढी किंमत मोजल्यावर आता अ आन् ब?"

मी परीक्षेत ते कलम तसंच मनात म्हणून लिहिलं आणि पास झालो. निकाल सांगायला आलो तेव्हा तुम्ही ओसरीवर पाटी घेऊन डाव्या हातानं श्री गिरवत होतात, पहिलीतल्या पोरासारखा जीभ बाहेर काढून. "लाग कामाला," एवढंच म्हणालात. काकू आतून बाहेर आल्या नाहीत. त्यांनी मला पुढं कित्येक वर्षं पाणी विचारलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.

तुम्ही दोघं भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलला नाहीत. भिंतीला भिंत तशीच. आबांनी मात्र त्याच वर्षापासून एक केलं. नांगरताना बांधापासून एक तास, नांगराची एक ओळ, रान सोडलं. पुढच्या साली आणखी एक. कुणाला काही म्हणाले नाहीत. मग तुम्हीही आपल्या बाजूनं सोडायला लागलात. आबा जाईपर्यंत तो बांध गाडीवाटेएवढा रुंद झाला होता, आणि त्यांच्या मागं थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात तेव्हा त्यावर बोरी-बाभळींचं रान माजलं होतं. गावातली पोरं त्याला भांडणाचा बांध म्हणतात. दोन भावांनी हट्टानं पाडून ठेवलेलं एवढं चांगलं काळं रान दुसरीकडं कुठं मी पाहिलं नाही.

माझा जन्म पुढं बांधांच्या भांडणांतच गेला. लोक डोकी फोडून माझ्यापुढं यायचे आणि मी मोजणी लावायचो. मोजणीदार माझ्या एका शब्दावर साखळी घेऊन निघायचा, जुना नकाशा काढायचा आणि दगड कुठं होता ते वीतभराच्या हिशेबानं सांगायचा. आपल्या बांधावर मी त्याला कधी पाठवला नाही. कचेरीत म्हणायचे, साहेब घरच्या प्रकरणात अंग राखून आहेत. माय म्हणायची, पोरगं शहाणं आहे, जुनं उकरत नाही. मी दोन्ही ऐकून घेतलं.

खरं असं आहे, तात्या. एवढं गाव पडलं असताना, तंबाखू मळता मळता, तुमच्या तोंडून तेच वाक्य आणि तेवढंच माप इतकं चटकन कसं आलं, हे मला पुढं कधीतरी खुपायला लागलं. पाटलाची म्हैस जप्त करायला मला दोन दिवस विचार करावा लागला होता. तुम्हाला एक क्षणही लागला नाही. आणि दवाखान्यात, नाव बदलू नको म्हणालात, तेव्हा तुमच्या आवाजात काय होतं ते मी आजवर शेकडो वेळा ऐकून पाहिलंय. साखळीनं सांगितलं असतं की दगड जागच्या जागी आहे, तर आबांनी भावाचा हात फुकट तोडला. त्याची मला सवय झाली आहे, त्याच्यासकट मी आबांना म्हातारपणी न्हाऊ-माखू घातलं. पण साखळीनं सांगितलं असतं की वीतभर गेलंय, तर मग तुमची थप्पड, तुमची पाठ, तुमचा तो जबाब, सगळं मला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं असतं. तेवढी छाती माझी नव्हती. परीक्षा पास झालेला माणूस होतो, धीट नव्हतो.

सूनबाई उद्या येईल. तिला ती पायरी सांगणार आहे, कारण तिच्याशिवाय टिपण टिकत नाही हे खरंच आहे. फक्त म्हणेन, बाई, कलमाला माणूस लटकवायचा तर स्वतःला लटकव. चोर स्वतःलाच कर. आणि पाठांतर मनातल्या मनात कर.

हा कागद बांधावर नेऊन तुम्हाला वाचून दाखवावा असं मनात होतं. दोनदा काठी घेऊन निघालोही. नेत नाही. तिथं गेलो की बोरीच्या जाळीत माझी नजर दगड शोधायला लागते, आणि तो दिसायच्या आत मी माघारी वळतो.